कुडपणच्या वर्गात ढग

धम्मपाल गुरुजी काहीही समजावू लागले की समोरच्याला हमखास झोप येते, असं त्यांच्या बायकोचं, दीक्षाचं, ठाम मत. (ती लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी झोपली होती. विषय होता फ्रिज.) डोंगरावरच्या कुडपण गावच्या शाळेत पहिली-दुसरीला ढग शिकवायचे म्हणून गुरुजींनी तिची लोणच्याची काचेची बरणी मागितली, तेव्हा ती म्हणाली, "पोरं घोरतील."

"एक जरी पोरगं झोपलं, तर महिनाभर भांडी मी घासीन. नाही झोपलं, तर महिनाभर मी समजावीन ते तू ऐकायचं!"

"कबूल. पण बरणीबरोबर मी येणार."

(बरणी माहेरची. नवऱ्याच्या भरवशावर कोण सोडणार?)

दुसऱ्या दिवशी कुडपणला धुकं मी म्हणत होतं. पोरांचं लक्ष उडेल म्हणून गुरुजींनी दारं-खिडक्या घट्ट लावल्या. "वाफ वर जाते, थंड झाली की तिचे बारीक थेंब होतात, तोच ढग!" असं म्हणत त्यांनी बरणीत उकळतं पाणी ओतलं. बरणी ताडकन तडकली. दीक्षाकडे बघायची गुरुजींची छाती झाली नाही. तेवढ्यात मागच्या ओळीत शुभमनं जांभई दिली, आणि गुरुजींना महिनाभराची खरकटी भांडी दिसू लागली.

काचा टाकायला त्यांनी दार उघडलं, तर धुकं भसकन वर्गात घुसलं. गुरुजी जागच्या जागी उडाले. अरेच्चा, ज्याच्यासाठी बरणी फोडली, तो बाहेर ताटकळत उभा!

"पोरांनो, हाच ढग! जमिनीवर उतरला म्हणून धुकं म्हणायचं. हा पसरट, तो स्तरमेघ. कापसाच्या ढिगासारखा, तो राशिमेघ. आणि फार उंचावर पिसासारखा, तो तंतुमेघ!"

"गुरुजी, ह्यो माझ्या केसांवर बसला!" पूजा किंचाळली. "पानी झालं त्याचं!"

"मी ढग खाल्ला!" शुभम आ वासून वर्गभर धावत सुटला.

झोपतंय कसलं, शाळा सुटली तरी एक पोरगं घरी जाईना. दीक्षासुद्धा बरणी विसरून हसत होती. गुरुजींची छाती शर्टात मावेना.

परतीच्या एसटीत त्यांनी पैज लगेच वसूल करायला घेतली. आधी पाऊस, मग गारा, मग वीज. दीक्षा मान डोलावत होती. गुरुजी रंगात आले, आवाज चढला. जरा वेळानं बघतात तर ती चक्क पेंगत होती. पुढच्या सीटवरचे म्हातारबुवा पेंगत होते. कंडक्टर तर तोंड उघडं टाकून घोरत होता.

निदान ड्रायव्हर तरी ऐकतोय, म्हणून गुरुजी पुढे जाऊन त्याच्याजवळ बसले आणि वीज पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली आणि हात जोडले.

"गुरुजी, पाया पडतो, आता बस करा. पुढं घाट हाय."