दिगांबरभाऊंचा बंद कॅमेरा

प्रिंटर कोणाचाही असो, दिगांबरभाऊ आधी त्याला पालथा घालतात, पोटावरचा नंबर मोठ्यानं वाचतात आणि विचारतात, "खानदान कोनतं हाये याचं?"

केनवडच्या स्टँडजवळ त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. वय साठीचं. 'बिघडला' हा शब्द त्यांना खपत नाही. "बिघडला नाही जी, वळख नाही पटून राह्यली."

जूनमध्ये आमच्या शाळेत हेच झालं. कोणीतरी कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाकून गेलं आणि जुना प्रिंटर मुका झाला. नेमकी त्याच दिवशी आमची दहावी झालेली वैष्णवी शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. रिसोडच्या कॉलेजात प्रवेशाची शेवटची तारीख. गावात लाइट नाही, झेरॉक्सची दुकानं बंद. शाळेवर सोलर, म्हणून आमचाच प्रिंटर काय तो आधार. तिची आई दर पाच मिनिटांनी विचारी, "झालं का जी सर?"

मी धावत जाऊन दिगांबरभाऊंना आणलं. लिनक्सच्या यादीत आमच्या प्रिंटरचा नंबरच नव्हता. त्यांनी एक ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला यंत्राची ओळख पटवून देणारा प्रोग्राम, लावला, तर कागदभर किडेमुंग्या उमटल्या.

"हे कोनती भाषा हाये जी?" आईनं घाबरून विचारलं.

"थांब माय. याचा मोठा भाऊ सापडला यादीत. त्याचा ड्रायव्हर लावतो. भाऊभाऊ हायेत, घेतीन एकमेकाले सांभाळून."

प्रिंटर दोनदा खाकरला आणि दाखला बाहेर आला. मायलेकी जीपकडे पळाल्या. तीन वाजता फोन आला, प्रवेश झाला. तेव्हा कुठे माझ्या घशाखाली चहा उतरला.

संध्याकाळी वैष्णवीच्या आईनं दिलेले पेढे घेऊन मी दिगांबरभाऊंच्या घरी गेलो. घरी ते एकटेच. समोर लॅपटॉप, कानाला मोबाइल. पलीकडे पुण्याची लेक.

"नाही वं, कॅमेरा चालूनच नाही राह्यला. मले काय समजते त्यातलं? पह्यल्यापासून सांग बरं. थांब, चष्मा लावतो."

चष्मा नाकावरच होता.

लेक समजावत होती, हे प्रत्येक पायरीला अडत होते. वीस मिनिटं झाली. स्क्रीन मला दिसत होता. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर यांनीच बंद करून ठेवला होता. न राहवून मी तो चालू करायला हात पुढे केला. त्यांनी मनगट धरलं. घट्ट.

पलीकडून आवाज आला, "बाबा, फोनवर नाही जमत हे. मीच येते शनिवारी."

दिगांबरभाऊंनी मोबाइल खाली ठेवला, माझा हात सोडला आणि एक अख्खा पेढा तोंडात टाकला.

"सर," ते तोंडातला घास गिळत म्हणाले, "शनवारपर्यंत याले कोनी हात लावाचा नाही."