पेटीचा जुनेपणा

देवासच्या आमच्या गणेशोत्सव मंडळाकडे गेल्या चैत्रापासून पेटी नाही, ही गोष्ट मी मंडळाचा चिटणीस या नात्याने खेदपूर्वक नमूद करतो. पेटी होती ती गणोजींची. गणोजी मुलाकडे बंगळुरूला कायमचे राहायला गेले आणि जाताना पेटी घेऊन गेले. पेटी त्यांच्या मालकीची असल्याने मंडळाला हरकत घेता आली नाही. हरकतीचा मसुदा मात्र मी करून ठेवला होता.

पेटी गेल्यामुळे आरतीचा प्रश्न उभा राहिला. आमच्या गणपतीची आरती बाहेर कुठे ऐकायला मिळत नाही. नऊ कडव्यांची आहे, शंभरएक वर्षांपूर्वी दरबारातल्या कुणा कारकुनाने रचलेली. शब्द वहीत उतरवून ठेवलेले आहेत, पण चाल अख्ख्या गावात एकाच व्यक्तीला येते. ती म्हणजे माझी रुक्मिणीआत्या, वय वर्षे ब्याऐंशी. बाकीचे आम्ही टाळ्या वाजवतो आणि ध्रुवपद आलं की तोंड हलवतो. गेल्या वर्षी आत्या सातव्या कडव्यावर अडखळली होती, दम लागून दोनदा थांबली होती. ती आहे तोवर चाल टिपून ठेवली नाही तर ती तिच्याबरोबर जाणार, हे सगळ्यांना समजत होतं. तसा ठरावही झाला होता.

उपाय सुचवला माझ्या पुतणीने, आरोहीने. ती घरूनच एका कंपनीचं काम करते आणि उरलेल्या वेळात लॅपटॉपवर गाणी तयार करते.

"काका, आत्याआजीचा आवाज मी माझ्या खोलीतच रेकॉर्ड करते," ती म्हणाली. "पेटी, तबला, तानपुरा सगळं आता सॉफ्टवेअरमधे मिळतं. खऱ्या वाद्याचा एकेक सूर कुणीतरी टिपून ठेवलेला असतो, आपण की दाबली की तो वाजतो. खूप व्हरायटी आहे. तुम्ही बस पसंद करा. दोन दिवसांचं काम आहे."

'पसंद करा' हे तिने म्हणायला नको होतं. मंडळाने त्याच संध्याकाळी वाद्यनिवड समिती नेमली.

समिती नेमताना देवासात एक पथ्य पाळावं लागतं. आमच्या एवढ्याशा गावात पूर्वी दोन राज्यं होती. रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती, दुसऱ्या अंगाला धाकटी पाती. राजे दोन, कचेऱ्या दोन, तुरुंगही दोन. राज्यं विलीन होऊन पाऊणशे वर्षं उलटली, पण ज्यांचे पणजोबा दरबारात कामाला होते त्या घरांना अजून हे कुणी कळवलेलं नाही. म्हणून समितीत थोरल्या पातीतर्फे मोरोपंत अध्यक्ष, धाकट्या पातीतर्फे मानसिंगराव सहअध्यक्ष, मी चिटणीस आणि आरोही तांत्रिक सदस्य, मताधिकाराविना.

पहिली सभा रविवारी सकाळी दहा वाजता आरोहीच्या खोलीत भरली. आत्या साडेनऊलाच येऊन बसली होती. इस्त्रीचं पातळ, गरम पाण्याचा थर्मास, तोंडात ज्येष्ठमधाचा तुकडा. आरोहीने तिच्या खुर्चीसमोर माइक लावला होता. माइक आहेच, तर सभेचं इतिवृत्तही त्यावर आपोआप नोंदलं जावं, अशी सूचना मी मांडली. ती एकमताने मंजूर झाली. माझ्या कारकिर्दीतल्या चांगल्या सूचनांपैकी ती एक, असं मला त्या दिवशी वाटलं.

"उमाशंकरा, म्हणू का रे आता?" आत्याने विचारलं.

"आत्या, विषयपत्रिकेवर गायन नवव्या क्रमांकाला आहे," मी म्हणालो. "आपण अजून पहिल्यावर आहोत."

"बरं बरं. तोवर घसा गरम ठेवते," आत्या म्हणाली आणि डोळे मिटून स्वतःशीच गुणगुणत बसली.

आरोहीने एकामागून एक पाच पेट्या ऐकवल्या. मानसिंगरावांनी त्या लक्षपूर्वक ऐकल्या आणि मग खोलीत इकडेतिकडे पाहिलं.

"भिया, पेटी कुठंय पण?" त्यांनी आरोहीला विचारलं. आमच्याकडे मुलीलाही भिया म्हणतात.

"काका, ती दिसत नसते. ऐकायची असते."

"म्हणजे आहे की नाही?"

"आहे ना, लॅपटॉपमधे."

"मग उघडून दाखव. बिना देखे कसं पसंद करायचं?"

"प्रत्यक्ष पाहणीविना पसंती म्हणजे अनियमितता होईल," मोरोपंत म्हणाले. ते कोषागारातून निवृत्त झालेले आहेत.

शेवटी आरोहीने पडद्यावर पेटीचं चित्र मोठं करून दाखवलं. मोरोपंतांनी चष्मा लावून पट्ट्या मोजल्या, दोन वेळा, आणि त्या बरोबर भरल्याची नोंद करायला सांगितली. पेटी अजून परीक्षणासाठीच घेतलेली असल्यामुळे दर चाळीस सेकंदांनी आपोआप गप्प होत होती. हा गुण समितीच्या सदस्यांतही असायला हवा होता, असं आरोही हळूच म्हणाली. इतिवृत्तात ते आलं आहे.

सगळं इथपर्यंत सुरळीत चाललं होतं. पण त्या चित्राखाली एक गोल बटण होतं. ते काय आहे, असं मानसिंगरावांनी विचारलं.

"तो जुनेपणा," आरोही म्हणाली. "शून्यावर ठेवली तर पेटी नवी कोरी वाजते. शंभरपर्यंत वाढवता येतं. मी वीसवर ठेवणार होते, छान लागतं."

मोरोपंतांनी घसा साफ केला.

"आमच्या पातीची पेटी वीस? लोक काय म्हणतील? साठ करा."

"मग आमची पण साठ," मानसिंगराव म्हणाले.

पेटी एकच आहे, असं आरोहीने सांगून पाहिलं. पण देवासात एकच असं काही नसतं. दोन पेट्या घ्यायचं ठरलं. मग थोरली ती थोरली, तिचा जुनेपणा निदान एकाने जास्त हवा, म्हणून एकसष्ट. त्यावर धाकटी बासष्ट. हा विषय पुढचे चार रविवार चालला. जुनेपणा जसजसा वाढत गेला तसतसा भाता फाटल्यासारखा सुस्कारे टाकू लागला, खालचे चार सूर मुके झाले आणि वरचे दोन एकदम वाजायला लागले. पाचव्या रविवारी तडजोड झाली: थोरल्या पातीची पेटी चौऱ्याण्णव, धाकट्या पातीची त्र्याण्णव.

"काका, ही पेटी नाही राहिली," आरोही कळवळून म्हणाली. "पेटीचं भूत आहे."

"पण अस्सल आहे," मोरोपंत म्हणाले, आणि मानसिंगरावांनी प्रथमच त्यांना दुजोरा दिला.

आत्या दर रविवारी येतच होती. तेच पातळ, तोच थर्मास. "म्हणू का रे?" ती विचारायची, आणि मी तिला क्रमांक सांगायचो. तिला वाईट वाटू नये म्हणून एकदा मी गायन नवव्यावरून आठव्यावर आणलं. ती हसली आणि पुन्हा डोळे मिटून घसा गरम ठेवू लागली.

तबल्यासाठी दोन्ही पातींना मान्य असा तटस्थ तज्ज्ञ हवा होता. देवासात तटस्थ माणूस मिळणं अवघड, म्हणून धारहून नारायणरावांना बोलावलं. ते तिथल्या शाळेत संगीत शिकवत असत. धारचे लोक आम्हाला जरा कमी लेखतात. त्यांचं म्हणणं, आमचं राज्य आम्ही मोडू दिलं नाही, तुम्ही वाटून खाल्लंत. पण परीक्षक म्हणून तो गुणच ठरतो. नारायणराव इंदूरला बस बदलून आले, पोहे खाल्ले, आणि तबल्याचे दोन बोल ऐकल्याबरोबर त्यांनी हात पुढे केला.

"सूर उतरलाय. हातोडी द्या."

आरोहीने लॅपटॉप छातीशी धरला आणि सभा संपेपर्यंत खाली ठेवला नाही. नारायणरावांनी आपला अहवाल टपालाने पाठवला. 'हातोडीस वाव नसलेले वाद्य मी प्रमाणित करू शकत नाही,' एवढं एकच वाक्य त्यात होतं. त्या वाक्यावर दोन रविवार चर्चा झाली.

मग बाजूंचा प्रश्न आला. आरोही बोलता बोलता म्हणाली की एक पेटी डाव्या स्पीकरमधून आणि दुसरी उजव्यातून काढता येते. हे ऐकून दोन्ही अध्यक्षांचे डोळे चमकले. दोन पातींमधला रस्ता विलीनीकरणात गेला होता, तो परत मिळत होता. पण उजवी बाजू मानाची, ती कुणाची? तेव्हा मी तोडगा काढला, आणि तो मी अभिमानाने नमूद करतो. आपला उजवा हात तो गणपतीचा डावा. म्हणजे एका पातीला गणपतीची उजवी बाजू द्यावी आणि दुसरीला भक्तांची. दोघांनाही उजवी मिळाली. मोरोपंतांनी मला पेढा दिला.

"आणि आत्याआजीचा आवाज मधोमध," आरोही म्हणाली.

"मधे तर रस्ता आहे," मानसिंगराव म्हणाले. "तो नगर निगमचा."

शिवाय आत्या माहेरची थोरल्या पातीची आणि सासरची धाकट्या पातीची. तिचा आवाज कोणत्या बाजूने काढायचा, याला पूर्वीचा दाखला सापडेना. म्हणून दाखला मिळेपर्यंत गायनाचा विषय स्थगित ठेवण्यात आला. आत्याने विचारलं, "आज काय ठरलं रे?" मी म्हणालो, "आत्या, तुझाच विषय चालू आहे." ते खोटं नव्हतं.

आषाढात आत्याला ताप आला. खोकला पंधरा दिवस हटेना. ताप गेला, पण आवाज परत आला नाही. कुजबुजल्यासारखं बोलता येत होतं, एवढंच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "माँजी बोलेंगी, लेकिन गाना अब नहीं होगा." त्यांना ही बाब साधी वाटली. आत्यालाही वाटली असावी, कारण घरी येताना तिने फक्त "भाजी घ्यायची राहिली" असं म्हटलं.

समितीची तातडीची सभा झाली. आत्याच्या आवाजाच्या निधनाबद्दल शोकप्रस्ताव मांडण्यात आला आणि दोन मिनिटं स्तब्धता पाळण्यात आली. आत्या स्वतः हजर होती. सगळे उभे राहिले म्हणून तीही उभी राहिली, मग बसून चहा प्याली. त्यानंतर मोरोपंतांनी विचारलं की सॉफ्टवेअरमधे गायिकाही मिळते काय, आणि मिळत असल्यास तिचा जुनेपणा किती ठेवता येईल.

आरोही उठून उभी राहिली. ती रागावली की तिची मराठी सुटते.

"हद हो गई! अकरा संडे ती बिचारी इथे बसून राहिली. अकरा! एकदा, बस एक बार म्हणू दिलं असतं, तर मला तुमची एकही पेटी नको होती. नुसत्या आवाजावर सगळं झालं असतं. मी सोडते ही समिती!"

मला फार लाज वाटली. इतकी, की ती इतिवृत्तात कशी घालावी हे मला अजून सुचलेलं नाही.

तिचा राजीनामा इतिवृत्तात घ्यावा का, एवढंच मी विचारलं, आणि इतिवृत्त म्हटल्यावर आरोही एकदम थांबली. माइक आत्याच्या खुर्चीसमोर होता आणि अकराही सभा तो चालू होता. तिने घाईघाईने लॅपटॉप उघडला आणि पाचव्या रविवारचं रेकॉर्डिंग लावलं. आधी माझा आवाज आला, "विषय क्रमांक दोन, उपविषय ग." आणि त्याच्याखाली, अगदी खाली, आत्या होती. डोळे मिटून घसा गरम ठेवत ती आरतीच म्हणत होती. एकेका रविवारी एखादं कडवं, कधी दीड. आरोहीने अकरा सभा तुकड्या-तुकड्यांनी जोडल्या. नऊच्या नऊ कडवी भरली. सातव्या कडव्यावर ती अडखळलीही नव्हती.

आमचे आवाज काढून टाकायला तिने आठवडाभर खटपट केली.

"काका, होत नाही," ती म्हणाली. "तुमचा आवाज काढायला गेलं की आत्याआजीचाही जातो. आणि सगळ्यात जास्त तुमचाच आहे."

त्यामुळे यंदा आमच्या गणपतीपुढे तेच रेकॉर्डिंग लावलं. दुसरं काही नव्हतंच. आत्या पुढच्या खुर्चीत बसून ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते. भक्तमंडळी हात जोडून उभी होती. पहिल्या कडव्यात मानसिंगराव म्हणाले, "पेटी कुठंय पण?" आणि हात जोडलेले मानसिंगराव प्रसन्न हसले. दुसऱ्यात मोरोपंतांचं "साठ करा" आलं, तेव्हा त्यांनी नातवाला कोपराने ढोसलं. सहाव्यात माझा गणपतीच्या उजव्या बाजूचा तोडगा होता. खरं सांगतो, मीही त्याचीच वाट पाहत होतो. आरती संपल्यावर लोक म्हणाले की यंदा सगळं अगदी स्पष्ट ऐकू आलं.

इतिवृत्त इथे संपतं. आपण ते एवढ्या शांतपणे वाचलंत, म्हणून दोनच प्रश्न. थोरल्या पातीच्या पेटीचा जुनेपणा शेवटी किती ठरला? आठवतो ना? आता आत्याच्या आरतीची पहिली ओळ सांगा. ती मी सबंध इतिवृत्तात कुठेच लिहिलेली नाही, आणि इथवर येईपर्यंत आपणही ती विचारली नाहीत.

आरोहीने राजीनामा दिल्यामुळे समितीत एक जागा रिकामी आहे. आपला अर्ज चिटणिसांच्या नावे पाठवावा.