रणगाड्यांत पाणी भरिल्याची हकिकत

श्री ग्रामदैवत साक्ष. पूर्वी थोरांनी गड घेतले, नद्या उतरोन मुलुख काबीज केले, त्यांची वर्णने लिहिणारांनी लिहिली. परंतु परगणे तुमसर, मौजे नाकाडोंगरी येथे ऐन वैशाखांत जी मोहीम जाहली ती कोणी लिहिली नाही, आणि न लिहावी तरी छापील मराठीशी झुंज देणे म्हणजे काय हे पुढील पिढीस कळणार कैसे? सबब जैसे घडले तैसे, पदरचे न घालिता, लिहितो.

ते समयी नाकाडोंगरीस राजश्री टिकारामजी, धानाचे व्यापारी, गावांतील वजनदार असामी, नांदत होते. यांचा स्वभाव ऐसा कीं छापिल्या कागदास देव मानावे. एसटीच्या तिकिटामागील मजकूरही आधी वाचावा आणि मग तिकीट खिशांत घालावे. यांचे कुटुंब जानकीबाई, यांचा स्वभाव उफराटा, कीं वस्तु हाती घ्यावी, इकडून तिकडून पाहावी आणि चालू करावी. या दोन मतांचा संसार बहुत वर्षे सलूखाने चालिला होता.

त्या साली सूर्याने मुलुख मारिला. कौले तापली, दाराच्या कड्या हातास चटके देऊ लागल्या, कुत्री नालींत जाऊन पडली, आणि दुपारी रस्त्यावर माणूस दिसेना. ऐशांत कन्या करुणाताई तुमसरच्या इस्पितळांत प्रसूत होऊन नात जाहली, आणि चार दिवसांनी सकाळी खबर आली कीं आज दुपारी मायलेकी माहेरी दाखल होणार. हे ऐकोन टिकारामजी बहुत खुशाल जाहले, आणि मग बाळंतिणीच्या खोलींत जाऊन भिंतीस हात लाविला आणि लागलाच मागे घेतला. घरचा लोखंडी कूलर गेले साली बूड गंजोन धारातीर्थी पडला होता. तान्हा जीव या भट्टींत कैसा ठेवावा, या विचाराने त्यांस सकाळचा चहा गोड लागेना.

परंतु चिरंजीव अश्विन, पुणे प्रांती चाकरीस, यांनी बहिणीसाठी प्लास्टिकचा नवा कूलर रवाना केला होता, तो त्याच सकाळी पेटीबंद पावला. सोबत फोनवर फर्मान आले कीं कागदांत लिहिले तैसेच करावे, कागदाबाहेर पाऊल पडल्यास वारंटी खालसा होईल. आणि इतुके सांगोन चिरंजीव मीटिंगांत गेले व फोन बंद जाहला. मग टिकारामजींनी चष्मा पुसोन कागद उघडिला. एका अंगास चिनी होते, दुसऱ्या अंगास मराठी. चिनी कळले नाही, त्याचे दुःख नव्हते. परंतु मराठीही कळेना, तेव्हां मात्र कपाळी घाम आला.

पहिले कलम ऐसे होते : ‘यंत्र वापरताना पाठ उघड्या खिडकीकडे ठेवा.’ टिकारामजींनी सदरा आणि बनियान उतरिली, खिडकी उघडिली, आणि पाठ करोन बसले. बाहेरून झळांची फौज चालोन आली आणि पाठीवर तुटोन पडली. जानकीबाई पाणी घेऊन आल्या, त्यांनी हा प्रकार पाहिला आणि विचारिले, “काहून असे बसून राहिले?”

“कागदात लिहिलं आहे.”

“कूलरच आहे ना जी. पानी टाका, बटन दाबा. दुपारी पोरगी येऊन राहिली.”

“वारंटी जाईल. पोराने पहिल्यांदा काही पाठवलं घरी, तुले ते मोडाचं आहे काय?”

यावर बाईसाहेबांनी वाद सोडिला आणि पाण्याचा पेला पुढे केला. कारण पोराचे नाव घेताना धन्याचा आवाज किंचित हलला, तो त्यांनी ऐकिला.

दुसरे कलम याहून बिकट : ‘रणगाडा स्वच्छ पाण्याने भरा. रणगाडा रिकामा असता यंत्र चालवू नका.’ मग पेटीचा झाडा घेतला. कूलर निघाला, पिशवींत बांधिला लहान पंप निघाला, नळी निघाली, थर्माकोल निघाला. रणगाडा काही निघाला नाही. टिकारामजींनी अनुमान केले कीं कंपनीने दगा दिला, ऐवज कमी पाठविला. लागलाच कागदावरील नंबरास फोन लाविला आणि पलीकडील बाईंस हिंदींत सांगितले कीं पेटी मिली, लेकिन उसमें रणगाडा नहीं है. त्या बाईंनी रणगाडा म्हणजे काय पुसिले. टिकारामजींनी हाताने तोफ दाखविली, जी फोनांत दिसत नाही, आणि तोंडाने तिचा आवाज केला. बाईंनी थांबावयास सांगितले आणि गाणे लाविले, ते गाणे फोन कटेपर्यंत वाजत राहिले.

तेव्हां मसलत जाहली. धाकटे बंधु टेकचंद, देहाने भारी, बोलण्यांत थोडके, यांस बोलाविले. त्यांनी सल्ला दिला कीं गल्लींतला धम्मदीप जवाहरनगरच्या कारखान्यांत आहे, तेथे दारूगोळ्याचे काम, रणगाड्याचे त्यास ठाऊक असेल, आणि सांप्रत तो सुटीवर घरीच आहे. निरोप रवाना जाहला. तो येईपर्यंत वेळ न दवडितां तिसरे कलम उरकावे ऐसे ठरले. त्यांत लिहिले होते : ‘चाहता सुरू करण्यापूर्वी पंप दहा मिनिटे पळवा.’ चाहता कोण, हे कळेना. परंतु पंप हाती होता आणि पळणे माणसाच्या स्वाधीन आहे, ऐसे म्हणोन टेकचंदजींनी पंप उराशी धरिला आणि अंगणांत धावू लागले. भर दुपार, पायाखाली तवा. तुळशीस वळसा घालोन गोठ्यापर्यंत जावे आणि फिरोन यावे, ऐसे चालिले. शेजारच्या माड्यांवर बाया उभ्या राहिल्या. नालींतील कुत्रीही उठोन मागे लागली. टेकचंदजी घामाने न्हाले, परंतु पंप खाली ठेविला नाही.

ऐशा समयी धम्मदीप दाराशी आले. त्यांनी पाहिले कीं एक भाऊ उघडा बसला आहे आणि दुसरा भाऊ पंप घेऊन पळतो आहे, आणि जानकीबाई भिंतीस टेकोन उभ्या आहेत. टिकारामजींनी सन्मानाने खुर्ची दिली आणि रणगाड्याची हकिकत निवेदन केली.

“भाऊ, मी तिथं कँटीनमधी आहो,” धम्मदीप म्हणाले. “भाजी कापतो. टँक मी टीव्हीवरच पाह्यला.”

“काय पाह्यला?”

“टँक. रणगाड्याले इंग्रजीत टँक म्हणतेत.”

टिकारामजींनी कूलराकडे पाहिले, मग कागदाकडे, मग पुन्हा कूलराकडे, आणि हलक्या आवाजांत बोलिले, “टँक म्हंजे टाकी. पान्याची टाकी.”

“मंग चाहता म्हंजे फॅन,” जानकीबाई म्हणाल्या. “सिनेमावाल्यांचे राहतेत ते. पंखा आहे तो, बाप्पा. अन् पाठ तुमची नाई, कूलरची पाठ खिडकीकडे कराची.”

मग टिकारामजींनी एकेक शब्द इंग्रजींत नेऊन पाहिला आणि तेथून घरी आणिला, आणि कागद जो तटबंदीसारखा उभा होता तो ढासळला. पळवा म्हणजे चालवा, हे कळताच टेकचंदजींस थांबण्याचा हुकूम गेला. ते जेथे होते तेथेच बसले. टिकारामजींनी कोणाकडे न पाहतां सदरा घातला. त्याने भाजली पाठ चुरचुरली, परंतु मुखावर येऊ दिले नाही.

इतक्यांत गाडीचा आवाज आला. करुणाताई लुगड्याचा पदर बाळावर धरोन उतरल्या. बाळ रडत होते, गाल लाल जाहले होते, अंगभर घामोळे उठले होते, आणि करुणाताई उंबऱ्यांत येऊन बोलिल्या, “बाबा, हिचं रडणं तुमसरपासून थांबलंच नाही.” धम्मदीपांनी बादल्या भरोन आणिल्या, जानकीबाईंनी पंप टाकींत बसविला, टेकचंदजींनी बसल्या जागेवरून उठोन कूलर ढकलिला आणि त्याची पाठ खिडकीस लाविली. टिकारामजींनी कळ दाबिली. आधी पंप गुरगुरला, पाणी जाळ्यांवरून उतरले, आणि मग पंखा फिरला.

तेथे अखेरची अडचण आली. गतीच्या खटक्याखाली तीन शब्द होते : उच्च, मध्यम, नीच. नातीस पहिल्याच दिवशी नीच वारा द्यावा, हे आजोबांच्या मनास रुचेना. त्यांनी उच्च लाविला. वादळ सुटले, बाळाचे टोपरे उडोन कोनाड्यांत गेले आणि रडणे दुणावले. मध्यमावरही दुपटे ठरेना. उरले तिसरे, आणि टिकारामजींचा हात खटक्यापाशी अडला.

“नीच करू काय?” ते म्हणाले.

धम्मदीप दारांत रिकामी बादली घेऊन उभे होते. ते म्हणाले, “भाऊ, तो शब्द या घरात नको. लो आहे ते. हळू म्हणा.”

टिकारामजींनी त्यांच्याकडे पाहिले. मग कपाटांतून औषधाची चिकटपट्टी काढिली, त्या शब्दावर लाविली, आणि पेनाने वर ‘हळू’ ऐसे लिहिले. ज्यांनी जन्मांत छापिल्या अक्षरावर काना मात्रा वाढविली नव्हती, त्यांनी हे केले. वारंटीची आठवण कोणी काढिली नाही.

खटका हळूवर आला. गार वारा पाळण्यापावेतो पोहोचला, बाळाने दोन हुंदके दिले, मूठ उघडिली, आणि डोळे मिटले. करुणाताई भिंतीस टेकल्या आणि त्यांसही झोप लागली. टिकारामजींनी पुन्हा भिंतीस हात लाविला, तो ठेविला तैसाच राहिला.

येणेप्रमाणे वैशाखांत, मौजे नाकाडोंगरी येथे, टिकारामजी, जानकीबाई, टेकचंदजी व धम्मदीप यांनी एकदिलाने कूलर सर केला, आणि फत्ते जाहली. विजयाचा नगारा वाजवू नये, टेकचंदजींनी खोकू नये, आणि चहा अंगणांतच घ्यावा, ऐसा बाईसाहेबांचा हुकूम जाहला व सर्वांनी तो मानिला. आणखीही लिहिण्याजोगे बहुत आहे; परंतु पान उलटिले कीं कागद सळसळतो आणि बाळ नुकतेच निजले आहे, सबब लेखणी येथे हळूच ठेविली.