हात मारायचा नाय

दर शनिवारी ऑफिस सुटायच्या वेळी पठाडे नाना उभे राहायचे, टेबलाचं कुलूप दोनदा ओढून बघायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "उद्या मी वाहून जाणार. कुणाचं काही काम असंल तर आत्ताच सांगा."

आम्हाला सवय होती. नव्यानं बदलून आलेल्या साहेबांना नव्हती. पहिल्याच शनिवारी हे ऐकून त्यांचा चहा बशीत सांडला. मला केबिनमध्ये बोलावून त्यांनी दार लावलं आणि हळूच विचारलं, "यांच्या घरी काही त्रास आहे का?" मी म्हटलं, "नाही साहेब, घरी सगळं ठीक आहे. त्रास आम्हालाच आहे." साहेबांचं समाधान झालं नाही. "उद्या तुम्ही त्यांच्याबरोबर जा," ते म्हणाले, "आणि सोमवारी ते कामावर दिसले पाहिजेत." अशा रीतीनं नानांना जिवंत परत आणायची सरकारी जबाबदारी माझ्या गळ्यात पडली.

ही शेंद्र्याला कारखाने यायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. नाना मूळचे तिकडचेच, शेतकरी घरातले. शहागंजजवळच्या आमच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळायचे. कामाला वाघ माणूस. त्यांच्या टेबलावर आलेला कागद दुपारचा डबा उघडायच्या आत पुढं गेलेला असायचा. कागद ज्याच्याकडं गेला असेल त्याच्या डोक्याशीही नाना जाऊन उभे राहायचे. "झालं का?" एवढंच विचारायचे. झालं नसेल तर तिथंच उभे राहायचे. त्यांच्यामुळं आमच्या ऑफिसात दोघांनी स्वेच्छेनं बदली मागून घेतली होती.

असा हा माणूस रविवारी ट्रकच्या ट्यूबमध्ये बसून नदीत तरंगतो, हे ऐकून मला आधी खरं वाटलं नाही.

रविवारी सकाळी नाना बसस्टँडवर उभे होते. अंगात ऑफिसचाच सदरा, डोक्याला टोपी, हातात छत्री आणि एकेका खांद्यावर हवा काढलेली एकेक काळी ट्यूब. वर पिशवीत सायकलचा पंप. कंडक्टर त्यांना ओळखत होता. पूर्वी एकदा नाना ट्यूब घरूनच फुगवून घेऊन आले होते. तेव्हा तिनं दोन माणसांची जागा अडवली आणि तिचं तिकीट काढायचं की नाही यावर बस फुलंब्रीपर्यंत भांडत गेली, असं त्यानं मला सांगितलं. तेव्हापासून ट्यूब फुगवायची ती नदीवरच, असं ठरलं होतं.

डोंगराच्या पायथ्याला एका उंबराखाली झरा आहे. त्याच्याच पाण्याची ती छोटी नदी. पावसाळा संपून ओढे आटले तरी ही होळीपर्यंत वाहते आणि थंडीत तिचं पाणी कोमट लागतं. आमच्या शहरात नळाला पाणी आलं की पाहुणा आल्यासारखी धावपळ होते. इथं एवढं पाणी कुणी काही न करता वाहत होतं, याचाच मला आधी राग आला.

नानांनी दोन्ही ट्यूबा फुगवल्या, म्हणजे मला फुगवायला लावल्या. मग त्यांनी दोन्ही सुंभानं एकमेकींना बांधल्या. पुढच्या ट्यूबच्या व्हॉलवर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती, पाठीला टोचू नये म्हणून. तिच्यात नाना अलगद बसले, पाय बाहेर सोडले, छत्री उघडली आणि निघाले.

मला वाटलं दुसरी ट्यूब माझ्यासाठी आहे. मी एक पाय टाकला.

"तिच्यात नाय," नाना म्हणाले. "ती गफूरची हाये."

"कोण गफूर?"

"तू काठानं चाल."

मग मी काठानं चाललो. मुद्दाम सांगतो, चालत वीस मिनिटांचा रस्ता आहे. झऱ्यापासून खालच्या फरशी पुलापर्यंत पोचायला नानांना पावणेदोन तास लागले. त्यात ते एका जागी, करंजाच्या मुळ्यांत अडकून, चांगली पंधरा मिनिटं गोल फिरत राहिले. मला राहवेना. मी ओरडलो, "नाना, जरा हात मारा की."

"हात मारायचा नाय," नाना म्हणाले. "सहा दिवस मी कागदं ढकलतो. सातव्या दिवशी मला पाण्यानं ढकलावं."

हात मारायचा नाय, हा त्यांचा एकमेव नियम. हात मारला की ते काम झालं, असं त्यांचं म्हणणं. रिकामी ट्यूब त्यांच्यामागं आज्ञाधारकपणे गोल फिरत होती.

गफूरभाई कोण, ते मला त्याच संध्याकाळी कळलं. नदीवरून नाना सरळ शहरातल्या छावणी भागात गेले, मला घेऊन. तिथं गफूरभाईंचं पंक्चरचं दुकान होतं, आता कुलूपबंद. मागच्या खोलीत बाजेवर ते पडून होते. वर्षापूर्वी लकवा मारला, डावं अंग गेलं, तोंड थोडं वाकडं झालं. बोलणं मात्र पूर्वीसारखंच होतं, असं त्यांच्या बेगम, जैबुनभाभी, फारशा कौतुकानं सांगत नव्हत्या.

दोघांची ओळख ट्यूबवरून झालेली. नाना जुनी ट्यूब घ्यायला आले आणि गफूरभाईंनी ही कशाला लागते म्हणून विचारलं. पुढच्या रविवारी ते स्वतःच दुसरी ट्यूब घेऊन हजर. तेव्हापासून तीस वर्षं दोघं सुंभानं बांधून घेऊन वाहत होते. आणि तीस वर्षं भांडत होते, कारण गफूरभाईंना धीर नव्हता. ते हात मारायचे.

"ये तेरा नाना," ते मला म्हणाले, "पानी में भी हापिस चलाता. हात नै मारना, जोर से नै बोलना, पैर नै हिलाना. मैं बोला, फिर मैय्यत कू क्या करना बाकी रहा?"

"आता कसा गुमान पडलाय बघ," नाना म्हणाले. "वर्ष झालं, हात मारला नाय."

दोघंही हसले. भाभी हसल्या नाहीत. मग नाना त्या दिवसाची नदी सांगू लागले. करंजापाशी किती अडकलो, खंड्या कुठं बसला होता, शेवाळ कुठवर आलं. गफूरभाई डोळे मिटून ऐकत होते आणि मधेच "झूठ" म्हणत होते. निघताना नानांचा सदरा उजव्या हातानं धरून त्यांनी म्हटलं, "एक बार ले चल ना यार."

नानांनी तो हात अलगद सोडवून बाजेवर ठेवला. सोमवारी मात्र त्यांच्या टेबलावर दुपारनंतरही कागद तसेच पडून होते. मी साहेबांना कळवलं, पठाडे परत आलेत पण पूर्ण आलेले नाहीत.

बुधवारी नानांनी मला बोलावून एका लखोट्याच्या मागं काढलेलं चित्र दाखवलं. एक बाज, तिच्याखाली दोन ट्यूबा, वर एक माणूस. माणसाला मिशा काढल्या होत्या, म्हणजे गफूरभाई. जैबुनभाभींना चित्र पटलं नाही. "जो आदमी अपने पैरपे खडा नै रै सकता, उसकू तुम पानी में छोडते?" त्यांनी विचारलं. नानांनी चित्र पुन्हा पुढं केलं. शेवटी भाभींनी अट घातली: आधी दुसऱ्या कुणाला तरी बाजेवर घालून माझ्या डोळ्यांसमोर न्या, मग बघू.

दुसरं कुणी म्हणजे कोण, ते सांगायला नको.

पुढच्या रविवारी मी नदीत बाजेवर उताणा पडलो. नानांनी मला बजावलं होतं, डावं अंग हलवायचं नाय, गफूरसारखं पडायचं. भाभी काठावर पदर घट्ट धरून उभ्या होत्या. नानांनी घाईत एक चूक केली. डोक्याकडं ट्रकची ट्यूब लावली आणि पायाकडं, जास्त टिकाव धरेल म्हणून, कुणाकडून तरी मागून आणलेली ट्रॅक्टरची. आयुष्यभर एका मापाच्या ट्यूबा वापरलेला माणूस, ट्रॅक्टरची मोठी ट्यूब पाय जास्त उचलेल हे त्याच्या ध्यानात आलं नाही. दहा पावलांवर माझे पाय आभाळाकडं गेले, डोकं पाण्याकडं गेलं आणि मी बाजेसकट उलटा झालो. तरीही मी डावा हात हलवला नाही, याची नोंद कुठंतरी व्हायला हवी होती.

नानांचा चेहरा पांढरा पडला. आता संपलं, असं त्यांना वाटलं असावं. मी धडपडत उभा राहिलो, नाकातलं पाणी काढत. पाणी माझ्या कमरेपर्यंतच होतं.

काठावरून हसण्याचा आवाज आला. भाभी खाली बसून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "इत्तासा पानी?" त्या म्हणाल्या. "तीस साल से मैं इत्ते से पानी के वास्ते दुवा मांगती थी?"

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही गफूरभाईंना टेम्पोनं झऱ्यावर आणलं. या वेळी दोन्ही ट्यूबा सारख्या होत्या. घरातलं सगळं सुंभ बाजेला लागलं, त्यामुळं नानांची ट्यूब न बांधता मोकळीच राहिली. मी बाजेच्या पायथ्याशी, कमरभर पाण्यात, लाकूड धरून चालत होतो. भाभी काठानं येत होत्या. नाना बाजेच्या डाव्या बाजूला आपल्या ट्यूबमध्ये होते आणि छत्री त्यांनी गफूरभाईंवर धरली होती.

करंजापाशी बाज जरा कलली आणि गफूरभाईंचा डावा हात कडेवरून घसरून पाण्यात पडला. घरी तो हात उचलून ठेवावा लागायचा, दगडासारखा. इथं तो बुडाला नाही. वर आला, बोटं उघडली आणि पाण्याबरोबर हलू लागला. गफूरभाई मान वळवून त्याच्याकडं बघत राहिले.

"मार, गफूर," नाना म्हणाले. "आज हात मार. मी काही बोलणार नाय."

"नक्को," गफूरभाई म्हणाले. "कानून मतलब कानून."

नानांनी मान फिरवली आणि डोंगराकडं बघत राहिले. त्यांना रडू येत होतं आणि ते मला दिसू नये असं त्यांना वाटत होतं, म्हणून मी खाली पाण्याकडं बघितलं. पाणी स्वच्छ होतं, तळाची वाळू दिसत होती. बाज जड, ट्यूब हलकी, आणि मधे बांधायला सुंभ नव्हतं. असं असूनही नाना इतका वेळ बाजेपासून वीतभरही लांब गेले नव्हते. मला तोवर हे सुचलंच नव्हतं. पाण्याखाली नानांचा डावा हात सारखा चालू होता.

मी गफूरभाईंना सांगितलं नाही, साहेबांनाही नाही. फरशी पूल येईपर्यंत तो हात एकदाही थांबला नाही.