काहीच न करणारा गट

"तुम्ही काहीच करायचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि निवृत्त हेडक्लार्कसाहेबांना गुदगुल्या झाल्या.

रोज चालल्याने रक्तदाब उतरतो का, याचा अभ्यास चालू होता. निम्मे लोक चालणार, निम्मे होते तसेच राहणार. कोण कुठे, ते कॉम्प्युटर चिठ्ठी काढून ठरवणार. 'चालायला जा' म्हणून कानीकपाळी ओरडणाऱ्या बायकोला आता परस्पर उत्तर मिळालं होतं. मनगटावर पावलं मोजणारा पट्टा बांधून साहेब ऐटीत घरी आले आणि खुर्चीत बसले.

"भाजी तरी आणा," बायको म्हणाली.

"सवयी बदलायच्या नाहीत. विज्ञानाचा प्रश्न आहे!"

पण मनाई झाली की माणसाला तेच हवं होतं. आठवडा सरतो न सरतो तोच साहेबांच्या तळपायांना खाज सुटली. बसले की चुळबुळ, उठले की हुरहुर. जन्मात न चाललेला हा माणूस खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांकडे आशाळभूतपणे बघू लागला. चालावं, तर पट्टा चुगली करणार. अभ्यासातून नाव कापलं गेलं, की भाजीची पिशवी गळ्यात!

"अगं, हा पट्टा तू घाल. माझं मनगट काचतंय."

"मी घालून चालेल?"

"न चालायला काय झालं? घरातल्या घरात तू अशी कितीशी चालणार!"

मग 'वाचनालयात जाऊन येतो' म्हणत साहेब रोज बागेत फेऱ्या मारू लागले. एकदा समोरून डॉक्टरबाई येताना दिसल्या. साहेब झटकन झुडपामागे बसले आणि माळ्याच्या पाइपाखाली चिंब झाले.

"वाचनालय गळतंय वाटतं," बायको म्हणाली.

तपासणीच्या दिवशी पट्टा परत चढवून साहेब बायकोबरोबर गेले. रक्तदाब छान उतरला होता. पट्ट्यातले आकडे बघून मात्र डॉक्टरबाई उडाल्याच.

"काका, आमच्या चालणाऱ्या गटातही इतकं कुणी चाललेलं नाही! घडीभर बूड टेकलेलं दिसत नाही तुम्ही. अभ्यासाची पार वाट लावलीत!"

"मी काहीसुद्धा केलेलं नाही हो!" साहेब कळवळले.

"ते मात्र खरं," बायको म्हणाली. "घरात ह्यांनी काडी हलवलेली नाही. पट्टा माझ्या हातात होता."

"मग ह्यांचा रक्तदाब कसा उतरला?"

"वाचनालयाचा गुण असेल."

साहेबांनी झिजलेल्या चपला हळूच खुर्चीखाली सारल्या. डॉक्टरबाईंनी त्यांचं नाव खोडलं आणि आशेने विचारलं, "काकू, तुम्ही येता का अभ्यासात?"

"येते की! पण चिठ्ठीबिठ्ठी नको बाई. मला सरळ त्या काहीच न करणाऱ्या गटात टाका."