सावरगावकर सरांचा अंधार

सावरगावकर सर आमच्याकडे चहाला आले की आधी खिडक्या लावतात. मग दाराखालच्या फटीत पायपुसणं खोचतात आणि समाधानानं म्हणतात, "हां, आता कसं बरं वाटायलंय!" बाहेर पाथरीचा मे महिना, आत आम्ही घामाघूम. आमची खोली त्यांच्या प्रयोगाला पुरेशी अंधारी आहे का, याची ती परीक्षा असते. खोली दर वेळी नापास होते.

सर म्हणजे आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मी इतिहास शिकवतो, पण घराच्या भिंतीला भिंत लागून असल्यामुळे मला सगळं शास्त्र ऐकावं लागतं. सरांचं म्हणणं असं, की उन्हातलं पान अंधारात नेलं तरी लगेच विझत नाही. घेतलेल्या उजेडातला चिमूटभर उजेड ते मागाहून परत देत राहतं, पण इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही. त्यातला काही पानातच अडकून बसतो. त्याला बाहेर यायला जराशी ऊब लागते, तिला म्हणायचं सक्रियण ऊर्जा. ही ऊर्जा सर कशालाही लावतात. स्कूटर सुरू होईना, कुणाच्या पोराचं लग्न जमेना, सगळ्याला कारण एकच. मी पेपर तपासायला टाळाटाळ केली तेव्हा म्हणाले, "तुमाला तर ती लयच लागती, मास्तर!"

त्यांनी हैदराबादच्या भंगारबाजारातून उजेड मोजायची एक नळी पैदा केली आणि गोडेतेलाच्या डब्याला काळा रंग देऊन त्यात बसवली. पानातून उजेडाचा कण निघाला की भोंग्यातून 'टक्' असा आवाज यायला हवा. मी आपलं सुचवलं, आवाज कशाला, काटा लावा की.

"काटा हिला दिसंल का?" सर म्हणाले. ते इतक्या हळू बोलू शकतात हे मला माहीतच नव्हतं.

सरांच्या पत्नी विमलवहिनी, त्यांची नजर काचबिंदूनं गेली होती. अंगणातली सगळी झाडं त्यांच्या हातची, पण नजर गेल्यापासून त्यांनी अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. "तिथं आता माझं काय हाय?" एवढंच म्हणायच्या. सरांची सगळी धडपड त्यांना ती झाडं कानांनी तरी भेटावीत यासाठी होती.

एका दुपारी भोंगा ताडताड वाजला. सरांनी आनंदानं गल्लीभर पेढे वाटले. मी पेढा तोंडात टाकून डबा बघायला गेलो, तर झाकणात टॉवेलचं टोक अडकलेलं आणि त्या फटीतून दारातला उजेड खुशाल आत शिरत होता. "पेढे परत घ्या!" सर ओरडले. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मला मात्र सरांचं तोंड बघवेना.

गेल्या महिन्यात एकदाचं जमलं. जास्वंदीचं पान उन्हात तापवून सरांनी डब्यात ठेवलं, झाकण चारदा चाचपलं, वहिनींना जवळ बसवलं. टकटकटक सुरू झाली आणि हळूहळू विरळ होत गेली.

"थांबलं का हो?" वहिनींनी काळजीनं विचारलं.

सरांनी त्यांच्या हाती गरम पाण्याची पिशवी दिली. "ही डब्याला खालून लाव."

वहिनींनी लावली. टक्. जरा वेळानं टकटक. मग पुन्हा भराभर.

"माझ्या जास्वंदीचं हाय हे?"

"तुझ्याच."

"लेकरावानी बोलायलंय की!"

पान अगदी गप्प होईपर्यंत त्या कान लावून बसल्या. मग वहिनी पदर सावरत उठल्या.

"आता मोगऱ्याचं लावा. पर तुमी नका तोडू, कवळंच तोडताल. मी येते."

सर धडपडत दाराशी गेले आणि खाली बसून वहिनींच्या चपलांवरची धूळ हातानंच पुसू लागले.