मधला दुभाषी

जगातला कोणताही कारभार थेट बोलण्याने चालत नाही, मध्ये कोणीतरी लागतं, हे शास्त्रालाही मान्य आहे आणि पंचायतीलाही.

गोव्यातल्या साखळीच्या प्रज्योतला हे सत्य नव्या लॅपटॉपमुळे उमगलं. लॅपटॉप पातळ. पंखा नाही, आवाज नाही, तापणं नाही. आतला प्रोसेसर मोबाइलच्या जातीचा, म्हणजे मिताहारी. सकाळी चार्ज केला की दिवस काढतो. अडचण एकच. प्रज्योतचे सगळे खेळ मोठ्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेले, आणि त्यांची भाषा या प्रोसेसरला ओ की ठो कळत नाही. म्हणून मध्ये एक दुभाषी प्रोग्राम बसतो. खेळ म्हणतो, उडी मार. दुभाषी ते प्रोसेसरला त्याच्या भाषेत सांगतो आणि उडी पडते (किंचित उशिरा, पण सरकारी मानाने तत्परच). केलेलं भाषांतर तो जपून ठेवतो, त्यामुळे पुढची उडी लवकर पडते. काही खेळ मात्र खेळाडूंची लबाडी पकडायला स्वतःचा पहारेकरी घेऊन येतात. त्याला दुभाष्याचाच संशय येतो आणि ते खेळ चालत नाहीत. बाकीच्यांना आपण परक्या घरात नांदतोय याचा पत्ताही लागत नाही.

हे प्रज्योत भेटेल त्याला सांगायचा, पाव घेऊन येणाऱ्या पोदेरालासुद्धा. सगळ्यात जास्त बायकोला, गौरवीला.

"दुभाशी असो जाय," म्हणजे असाच हवा, असं तो म्हणायचा. "आसता, पूण दिसना."

गौरवी हूं म्हणून नुस्त्याची, म्हणजे माशांची, कढी ढवळायची.

या घरात प्रज्योत आणि त्याचे वडील गोकुळदास एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं, पद्धतच तशी. पूर्वी हे खातं आईकडे होतं. सून घरात येताच तिने रीतसर चार्ज दिला. आता प्रज्योतला खाणीच्या ऑफिसातली नोकरी सोडून वडिलांच्या दुकानाच्या माडीवर पोरांसाठी गेमिंगची खोली काढायची होती. त्याचा जीवच त्या माडीत अडकला होता. अर्ज गौरवीमार्फत गेला. उत्तरं येत राहिली: बाबा विचार करतायत, बाबांना लॅपटॉपचं कौतुक वाटतं, बाबा म्हणाले, तब्येत सांभाळ. एवढ्या बळावर त्याने सोमवारी राजीनामा द्यायचं ठरवलं.

त्याच सुमारास गौरवी माहेरी, केरीला गेली. खातं रिकामं पडलं, म्हणून प्रज्योत स्वतःच दुकानात जाऊन माडीचं विचारता झाला.

गोकुळदासांनी तराजूवरून नजर काढली नाही. "माडयेर तांदूळ रावतले. तें खेळणें वाळवंटींत उडय म्हूण कितले दीस सांगतां तिका. आनी तूं दुकानांत बसतलो न्हय?"

लॅपटॉपचं कौतुक म्हणजे 'वाळवंटी नदीत फेकून दे' होतं, आणि प्रज्योतच्या 'दुकानाच्या माडीवर बसणार' यातली माडी भाषांतरात गळली होती. मूळ पाठ असा थेट कानावर आल्याने बापलेक दोघेही हँग झाले. प्रज्योतला अपमान वाटण्यापेक्षा पोरकं जास्त वाटलं.

घरी येऊन त्याने केरीला फोन लावला आणि खोटं का सांगितलंस म्हणून विचारलं.

"खोटां खय सांगलंय?" गौरवी म्हणाली. "तुमचांय त्यांका असांच सांगतंय. म्हणान तर घर चलता."

मग त्याने ती कधी येणार ते विचारलं. तिने सांगितलं की हेच विचारायला बाबांचा फोन आत्ताच येऊन गेला.

राजीनामा गेला नाही. गौरवी परत आली, आणि बाबा पुन्हा विचार करू लागले.

वाचकहो, तुमच्या घरी असलं काही नाही. तिथे सगळे मोकळेपणाने बोलतात आणि तुमच्याविषयी चांगलंच बोलतात. हे तुम्हाला कोणी सांगितलं, तेवढं आठवून पाहा.